नाय म्हाराजा

माझ्या नातवाला वाटते, जपानी राक्षस त्याच्याच पिढीने शोधून काढले. सुट्टीला आला की दिवसभर मोबाईल नाकाला लावून बसतो आणि वर मलाच शिकवतो, "आजी, याला कार्टून नाही म्हणायचं, अ‍ॅनिमे म्हणायचं. यातला राक्षस वाईट नसतो गं. तुला नाही कळणार." मेल्या, तुझा बाप जन्मायचा होता तेव्हा मी जपानी राक्षस पाहून बसले आहे! तोही आमच्या स्वतःच्या लोट्यावर, म्हणजे घराच्या पुढल्या ओसरीवर, खिडक्यांना कांबळी लावून. आणि त्याच्यापायी भर राखणीत, सगळ्या घरासमोर, गाऱ्हाणे मोडले आहे. 'तुला नाही कळणार' हे मला आयुष्यभर कोणी ना कोणी ऐकवत आले आहे. आधी मोठी माणसे ऐकवत, आता हे एवढेसे पोर ऐकवते. म्हणून म्हटले, एकदा लिहूनच ठेवते.

आमचे घर कट्टा गावच्या बाजारापासून चालत जायच्या अंतरावर, माडापोफळीत बुडालेले. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते प्राथमिक शाळेत मास्तर. घरात मालवणी, शाळेत पुस्तकी मराठी. पण राग आला की घरातही पुस्तकी बोलत, त्यामुळे "सुलभा, इकडे ये" असे ऐकू आले की मी आधी मागच्या दाराकडे बघायची. एरवी मी सुलू. आई फार कमी बोलायची. तिचा राग भांड्यांत निघायचा. पेजेचे मडके चुलीवरून उतरवताना दणका बसला की भाऊ पेपर घडी करून ठेवत आणि काय चुकले ते आठवू लागत. आणि त्या वर्षी घरात एक तिसरा आवाज आला होता, तो म्हणजे इंदूआतेचा. भाऊंची धाकटी बहीण. लग्न होऊन खाडीपलीकडे गेली होती, शिमग्याच्या आधी परत आली, ती एका पिशवीनिशी. काय झाले म्हणून मी विचारले तर आई म्हणाली, "तुका काय करूचा आसा? कुळीथ निवड." झाले, विषय संपला.

पण भिंतींना कान असतात तसे मलाही होते. आतेच्या सासरच्यांनी निरोप धाडला होता: हिच्या अंगात काहीतरी आहे, ते तुमच्या घरातून आले आहे. तुम्ही ते बांधा, आमच्या माणसासमोर बांधा, मग आम्ही हिला घेऊन जाऊ. अंगात म्हणजे काय, तर एके दिवशी ती सासरच्या स्वयंपाकघरात एकदम डरकाळी फोडून उभी राहिली. पुरुषाच्या आवाजात. पाय आपटून. सासूच्या हातातले ताट पडले, नवरा उडी मारून खळ्यात, म्हणजे अंगणात, गेला आणि त्यानंतर तिच्याजवळ कोणी फिरकेना. हे सगळे मला कळले, पण खरे काय ते काही दिवसांनी खुद्द आतेनेच सांगितले. ते ज्याच्या त्याच्या जागी सांगेन.

तिची डरकाळी कशी असेल याचा मला अंदाज होता. आमच्याकडे राक्षस म्हणजे दशावतारातला. जत्रेला मंडळी यायची. पडदा नाही, देखावा नाही, एक लाकडी बाकडे, बाजूला पेटी आणि मृदंग. राक्षस आतून यायचा तोच झांजांच्या गदारोळात. मिशा गालभर, डोळे काजळाने वटारलेले. एक पाय बाकड्यावर ठेवायचा आणि "हाऽऽ हाऽऽ" करून असा ओरडायचा की पुढे बसलेली पोरे आयांच्या पदरात. पण एक सांगते, आमचा राक्षस नुसता ओरडत नाही. तो देवाशी वाद घालतो. मला वर कोणी दिला, तूच दिलास ना, मग आता मारायला का आलास, असे तोंडावर विचारतो. देव अडखळतो. लोक टाळ्या राक्षसाला देतात. शेवटी मरतो, ते ठीक आहे, पण बोलून मरतो. आणि सकाळी बघावे तर तोच कट्ट्याच्या स्टँडवर, गालावर अर्धा रंग तसाच, चहात पाव बुडवून खात बसलेला. आतेला लहानपणापासून या राक्षसांचे वेड. बाकीच्या मुली राणीची नक्कल करायच्या, ही राक्षसाची.

मे महिन्यात बापूकाका आले. भाऊंचे सर्वांत धाकटे भाऊ, बोटीवर नोकरीला. येताना व्हीसीआर घेऊन आले. एस.टी.त तो स्वतःच्या मांडीवर ठेवून आणला होता, घाटात उलट्या करणाऱ्या शेजाऱ्यापासून वाचवत. टीव्ही वाडीत एकच होता, तो आमच्या लोट्यावर आणून ठेवला. पहिले काही दिवस हिंदी सिनेमे झाले, मारामाऱ्यांचे. मग एका रविवारी दुपारी बापूकाकांनी एक कॅसेट काढली. वर नाव होते ते किडामुंगीसारख्या अक्षरांत. "ह्या जपानातला. कार्टून आसा. पोरांका दाखवतंय," असे म्हणाले, पण पोरांच्या आधी बायाबापड्याच येऊन बसल्या. उकाडा असा की अंगातून धारा. कांबळी लावलेल्या खिडक्या, फणसाचा वास, कोणाच्या तरी कडेवरचे मूल रडतेय, आणि समोर एक गाव. कौलारू घरे, वाफाळता भात, बांबूचे बेट, पाटाचे पाणी. "अगो, ह्या तर आमचाच!" कोणीतरी म्हणाले, आणि खरेच वाटले.

त्या गावाच्या डोंगरात एक राक्षस. निळा, थोराड, डोक्यावर एकच शिंग आणि तेही अर्धे मोडलेले. गावात काहीही झाले की बोट त्याच्याकडे. पीक गेले, राक्षस. मूल आजारी, राक्षस. पण मला धक्का बसला तो त्याच्या डोळ्यांचा. आमच्या राक्षसाचे डोळे आपल्याला घाबरवायला वटारलेले असतात. याचे डोळे आपल्यालाच घाबरलेले! एका दुपारी तो एका लहान मुलीच्या ओसरीवर येऊन बसतो, पाय मुडपून, पाहुण्यासारखा. ती आपला भाताचा वाडगा त्याच्यासमोर सरकवते. तो खातो आणि रडतो. जपानी कोणाला येत होते? बापूकाका म्हणाले, "गप रवा, मी सांगतंय. तो म्हणता, मी तुका खातलंय." "शिरा पडो तुझ्या जपानीवर," मागून इंदूआते बोलली. आल्यापासून ती चारचौघांत पहिल्यांदाच बोलत होती. "तो म्हणता, माका भूक लागलेली. बाकी काय नाय." सगळे हसले. आणि तिथून पुढे त्या राक्षसाचे सगळे बोलणे आतेने बोलून दाखवले, घोगऱ्या आवाजात, मालवणीत. बापूकाका फक्त बटण दाबायचे धनी उरले.

मग उंच टोपीवाला एक मांत्रिक येतो. त्याची जादू धुराची नाही, विजेची नाही. तो ब्रशने कागदाच्या लांब पट्टीवर काहीतरी लिहितो आणि ती पट्टी राक्षसाच्या अंगावर चिकटवतो. जिथे पट्टी चिकटेल तिथे दगड. आधी हात, मग पाय. पण नुसत्या पट्टीने काही होत नव्हते! पहिली पट्टी पानासारखी वाऱ्यावर उडून गेली. मग मांत्रिकाने गावाला रिंगणात उभे केले आणि सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या, तेव्हा कुठे ती चिकटली. प्रत्येक पट्टीला माना खाली. खरी जादू त्या माना घालण्यात होती, हे मला तेव्हाच कळले, आणि कोणाला समजावून सांगावे लागले नाही. शेवटची पट्टी तोंडावर लावायची होती. राक्षस काहीतरी सांगत होता. रिंगणात ती वाडगा देणारी मुलगी एकटीच ताठ उभी. तिने इकडे बघितले, तिकडे बघितले. आणि मान घातली. पट्टी तोंडावर बसली, राक्षसाचा दगड झाला, वरून गुलाबी फुले पडली, छानसे संगीत वाजले. लोट्यावर टाळ्या. "मेलो तो बरो झालो," कोणीतरी म्हणाले. मी मागे पाहिले तर आतेची जागा रिकामी.

ती मागच्या खळ्यात होती. तिथे रातांब्यांची रास पडली होती, आमसुले करायला. ती फळ फोडत होती, हात मनगटापर्यंत लाल. मी जाऊन बसले आणि फोडायला लागले. माझा राग मावत नव्हता. "त्या चेडवान् मान कित्याक घातल्यान?" मी विचारले. "भात दिल्यान, मगे मान कित्याक घातल्यान?" "सगळ्यांनी घातली, म्हणान," आते म्हणाली. हातातला रातांबा फोडून तिने बाजूला टाकला. आणि मग तिने सांगितले. नवरा तिला मारायचा. जेवायला बसायच्या पाटाने. हनुवटीखालचा व्रण विहिरीवर पडून झालेला नव्हता. एके दिवशी पाट उचललेला बघून तिला काय सुचले कोण जाणे, तिने जत्रेतल्या राक्षसासारखा पाय आपटला आणि ओरडली. "तो असो पळालो गो सुले! माका हसू आवरना." त्यानंतर तिला कोणी हात लावला नाही. अंगात आहे म्हटल्यावर कोण लावणार? आणि म्हणूनच आता सासरच्यांना ते बांधून हवे होते. एकदा का राखणीत देवचारासमोर बांधले, की पुढच्या वेळी ती ओरडली तरी कोणी पळणार नव्हते. "मगे भाऊंका सांग ना," मी म्हटले. "भाऊक ठाऊक नसतला असा वाटता तुका?" ती म्हणाली, आणि लाल हाताच्या मनगटाने डोळे पुसले.

राखण म्हणजे आमच्या भागात वर्षातून एकदा देवचाराला मान द्यायचा. देवचार म्हणजे शिवेचा राखणदार. तो कोणाला दिसत नाही, हातात काठी घेऊन रात्रीचा फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. त्याला कोंबडा, नारळ आणि विडी. आमच्या पोफळीत त्याचा दगड होता, तिथे गाऱ्हाणे घालायला भिवाआजे यायचे. वाडीतले सर्वांत म्हातारे, दात नाहीत पण आवाज खणखणीत. ते एकेक मागणे मागत जायचे आणि प्रत्येकाला सगळ्यांनी मिळून "होय म्हाराजा" म्हणायचे. होय पडले की मागणे देवचाराकडे पोचले. बायकांनी मागे, फणसाखाली उभे राहायचे. पुढे यायचे नाही, कोंबड्याला हात लावायचा नाही, पण होय मात्र आमचेही लागायचे. ही गंमत बघा.

त्या वर्षीच्या राखणीला आतेचे थोरले दीर आले होते. पांढरा लेंगा, तोंडात पान. राखण झाली की तिला सोबत घेऊनच जायचे असे ठरले होते, तिची पिशवी आईने भरून लोट्यावर ठेवली होती. भरताना आईने इतकी भांडी आदळली होती की भाऊ सकाळपासून घरात थांबलेच नव्हते. दुपार कलत होती. भिवाआजांनी नारळ ठेवला, विडी पेटवून दगडावर ठेवली आणि सुरू केले. "बा देवा म्हाराजा! आज जी काय लेकरांनी तुझी राखण दिली आसा, ती मान्य करून घी रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" "शेतातभाटात, गुराढोरांत बरकत दी रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" "बोटीवरच्या झिलाक सुखरूप ठेव रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" मीही म्हणत होते, बापूकाकांसाठी तर जरा मोठ्यानेच. मग आजे थांबले, घसा खाकरला. "ह्या इंदूच्या अंगात जा काय माहेरच्या वाटेन् शिरला आसात, तेका तू बांदून घी, तेचा तोंड बंद कर रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!" मी म्हटले.

ठरवून वगैरे नाही. त्या निळ्या राक्षसाच्या तोंडावरची पट्टी दिसली आणि तोंडातून निघाले. पण निघाले ते चांगले ठणठणीत. बाकीच्यांचे होय अर्ध्यात अडकले. भिवाआजे मागे वळले, त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ. सगळा जन्म गाऱ्हाणी घालण्यात गेलेला, पण 'नाय' म्हटल्यावर पुढे काय म्हणायचे ते त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. "सुलभा," भाऊ म्हणाले, "ताबडतोब देवचाराची क्षमा माग." पुस्तकी मराठी. मागचे दार तिथे नव्हते. "मी मागूचंय नाय," मी म्हटले. "आतेच्या अंगात कोण नाय." थोरले दीर पानाची पिंक टाकून म्हणाले, "बगलात? आता ह्या चेडवाच्या पण अंगात इला! ह्या तुमच्या घराचाच आसा!" मला असा संताप आला! "माज्या अंगात पण कोण नाय! मी सुलू! सातवी पास झालंय! भाऊंची चेडू मी!"

आणि तेवढ्यात इंदूआते फणसाखालून पुढे आली. जिथे बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही तिथे तिने पाय ठेवला. नुसता ठेवला नाही, आपटला. पदर कमरेला खोचला, रातांब्यांनी लाल झालेले हात वर केले आणि "हाऽऽ हाऽऽ हाऽऽ" अशी डरकाळी फोडली की माडावरचे कावळे उडाले. थोरले दीर मागे सरकले ते पोफळीच्या पाटात, घोट्यापर्यंत चिखलात. आते थांबली, श्वास घेतला, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात बोलली. "ऐकलात? ह्यो आवाज माजो. जत्रेत बघून शिकलंय. भावजीनू, तुमच्या भावान् माका पाटान् मारल्यान, तेवा काढलंय. परत मारीत, तर परत काढतलंय. ह्यो माका बांदूचो नाय."

दीर चिखलातून पाय काढत ओरडले, "नाटक सगळा! भिवाआजे, तुमी गाऱ्हाणा पुरा करा. आमका उशीर होता." आजांनी भाऊंकडे पाहिले. भाऊ खाली बघत होते. आजांनी बिचाऱ्यांनी परत हात जोडले आणि तेच मागणे परत म्हटले, पण आवाज पडलेला. "...तेका बांदून घी रे म्हाराजा." आणि थांबले. होय काही पडेना. मी तोंड उघडणार, तोच माझ्या मागून आवाज आला, हळू, पण स्पष्ट.

"नाय म्हाराजा."

आई. डोक्यावरचा पदरसुद्धा ढळू न देता. चारचौघांत तिचा आवाज मी त्याआधी ऐकला होता की नाही, आठवत नाही. भाऊंनी मान वर केली. आधी आईकडे पाहिले, मग आतेच्या हनुवटीकडे. मग दिराकडे वळून, "पाटाने?" एवढेच विचारले. पुस्तकी मराठीत. दिराने काहीतरी पुटपुटले, बाईमाणूस म्हटल्यावर एखादी लागायचीच, असे काहीतरी. भाऊंनी ते पुरे ऐकूनही घेतले नाही. "भिवाआजे," ते म्हणाले, आता मालवणीत, "गाऱ्हाणा नव्यान् घाला. चुकीचा घातलाव आमी." आजे खूश झाले. त्यांना वाट मिळाली. घसा मोकळा केला आणि जुना खणखणीत आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ही इंदू तुझ्या शिवेतली चेडू. ती आपल्या मर्जीन् हय रवात. तिच्या अंगाक जो कोण हात लावीत, तेका तू तुझ्या काठयेन् समजाव रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" आम्ही असे ओरडलो की वाटेवरून जाणारी माणसे थांबून बघायला लागली.

दीर जेवायला थांबले नाहीत. त्यांच्या वाटणीचे वडे-सागोती आतेने खाल्ले, आणि मला म्हणाली, "भात दिल्यान आणि मान पण घातल्यान नाय, अशी चेडू हयच गावली." त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की आईने पळी आदळली, पण ती रागाची नव्हती. आते परत गेली नाही. नवरा कधी न्यायला आला नाही. पुढे तिने कट्ट्याला खानावळ काढली, तिच्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, आमटीसाठी कुडाळहून लोक यायचे. कोणी पिऊन आला आणि दंगा करू लागला की ती पोळपाट बाजूला ठेवायची आणि एकच डरकाळी फोडायची. शेवटपर्यंत तिला कोणाची मदत लागली नाही.

नातवाला यंदा राखणीला नेले. हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "पण आजी, मग देवचार डेमन आहे की देव?" मी म्हटले, "गप बघ." आता भिवाआजांचा नातू गाऱ्हाणे घालतो. मला कोणी फणसाखाली उभे करत नाही, तरी मी तिथेच उभी राहते, तिथून सगळे दिसतात. पूर्वी गाऱ्हाणे घालणारे होय येणारच असे धरून पुढे जायचे. हा तसे करत नाही, आजोबांनी त्याला बजावून ठेवले होते. प्रत्येक मागणे म्हणून झाले की तो थांबतो आणि माझ्याकडे बघतो. मीही लगेच होय म्हणत नाही. काय मागितले ते आधी नीट ऐकते, त्याला जरा ताटकळत ठेवते, आणि मगच तोंड उघडते.